यंत्र कोणाच्या ताब्यात आहे?

सांगली-मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात मी संगणकांच्या देखभालीची कामं करते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, एमआयडीसीतले छोटे कारखाने, सीएंची कार्यालयं ही माझी नेहमीची गिऱ्हाइकं. अलीकडे एक तक्रार सगळीकडून जवळजवळ एकाच शब्दांत येते : "मशीन एकदम चांगलं आहे हो ताई, पण नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही." ही तक्रार मी कधीच किरकोळ मानत नाही. तिच्यामागे बहुधा लाखमोलाचं, नीट सांभाळलेलं, अजून बरीच वर्षं काम देईल असं यंत्र उभं असतं आणि केवळ एका ड्रायव्हरपायी त्याचं गाडं अडलेलं असतं.

अडण्याचं कारण असं. या यंत्रांबरोबर आलेलं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या काळातलं. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. आज दुकानातून येणारा संगणक ६४ बिटच्या विंडोजवर चालतो आणि त्या विंडोजच्या गाभ्यात ३२ बिटचा ड्रायव्हर शिरू शकत नाही. 'कंपॅटिबिलिटी मोड' लावून पाहा, असं सगळे सांगतात. तो मोड प्रोग्रामला कामाला येतो, ड्रायव्हरला येत नाही. यंत्राच्या कंपनीने नवा ड्रायव्हर काढलेला नसतो, कधी कधी ती कंपनीच बंद पडलेली असते. मग कोटेशन येतं ते थेट नव्या यंत्राचं.

अशा वेळी मी व्हर्च्युअल मशीनचा (व्हीएम) रस्ता धरते. नव्या संगणकात एक जुना संगणक सॉफ्टवेअरच्या रूपाने उभा करायचा आणि त्यात एक्सपी बसवायची. बाहेरचा संगणक होस्ट, आतला गेस्ट. आतल्या एक्सपीला वाटतं, मला माझी डिस्क आहे, माझा पडदा आहे, माझी मेमरी आहे. इथवरचं काम आता कोणीही थोड्या वेळात करून देतो. खरी मेख पुढे आहे. डिस्क आणि पडदा आभासी चालतात, पण टेबलावरचं यंत्र खरं आहे आणि त्याची यूएसबी वायर बाहेरच्या संगणकाच्या पोर्टात खोचलेली आहे. ते यंत्र आतल्या संगणकाच्या हाती कसं द्यायचं? पुष्कळ जण इथे हात टेकतात आणि 'व्हीएममध्ये यूएसबी चालत नाही' असा निकाल देऊन मोकळे होतात. माझा अनुभव वेगळा आहे. ती चालते. फक्त प्रत्येक पायरीवर एक प्रश्न न कंटाळता विचारावा लागतो : या क्षणी हे यंत्र कोणाच्या ताब्यात आहे?

हा प्रश्न यूएसबीच्या मूळ रचनेतच आहे. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं. इंटेलमध्ये ज्यांनी ते घडवण्यात पुढाकार घेतला ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सीरियल, पॅरलल, कीबोर्ड, माउस अशा नाना पोर्टांच्या जागी सामान्य माणसाला जोडता येईल असं एकच पोर्ट असावं, ही त्यामागची धडपड. त्या रचनेत मालक एकच असतो. विचारणार तो, उपकरणाने फक्त उत्तर द्यायचं, आपणहून बोलायचं नाही. एका वेळी दोन मालक तिथे संभवतच नाहीत. म्हणून व्हीएममध्ये यूएसबी जोडणं म्हणजे बाहेरच्या मालकाने हात पूर्ण काढून घेणं आणि आतल्याने तो धरणं. हे देणं-घेणं कुठेही अर्धवट राहिलं, की पडद्यावर काहीच दिसत नाही.

एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातलं उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात या कामाच्या बहुतेक गाठी एकाच ठिकाणी सापडल्या. विभागात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. द्रावणातून प्रकाश सोडायचा आणि कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला गेला ते मोजायचं, हे त्याचं काम. एमएस्सीच्या मुलांचे प्रकल्प त्याच्यावर चालतात. त्याला जोडलेल्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आणि तो कायमचा बंद पडला. यंत्र मात्र ठणठणीत होतं. नशिबाने प्रयोगशाळेतल्या मामांनी यंत्राबरोबर आलेली सीडी मॅन्युअलच्या प्लॅस्टिक पिशवीतच जपून ठेवली होती. "कंपनीचा माणूस म्हणाला होता हरवू नका, म्हणून हलवलीच नाही," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. जुन्या हार्ड डिस्कवरून यंत्राच्या कॅलिब्रेशनचा फोल्डर उतरवून घेतला. त्या फोल्डरविना सॉफ्टवेअर चाललं असतं, पण आकडे विश्वासाचे राहिले नसते.

नव्या संगणकावर उबंटू ही लिनक्स प्रणाली आणि व्हीएम चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर बसवलं. व्हीएम सुरू झाली, पण यूएसबीची यादी रिकामी. लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्सला यूएसबी हाताळायची परवानगी एका गटामार्फत मिळते, त्याचं नाव 'व्हीबॉक्सयूजर्स'. वापरणाऱ्याचं नाव त्या गटात घालावं लागतं आणि घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं. नुसती खिडकी बंद करून उघडली तर बदल लागू होत नाही. गटात नाव गेलं आणि यादी भरली.

पुढची पायरी कंट्रोलरची. व्हीएमला यूएसबी १.१, २.० किंवा ३.० यांपैकी कोणता कंट्रोलर द्यायचा ते आपण ठरवतो. नवं ते चांगलं या न्यायाने माणूस ३.० निवडतो. पण ३.० चं मानक २००८ चं, एक्सपी २००१ ची. तिच्यापाशी त्याचा ड्रायव्हर नाही. यंत्र आत पोचतं, पण एक्सपीला दारच दिसत नाही. एक्सपीला पहिल्या सर्व्हिस पॅकपासून २.० समजतं, म्हणून २.० द्यायचा. पूर्वी व्हर्च्युअलबॉक्समध्ये २.० आणि ३.० साठी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागायचा आणि त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मोफत नव्हता. २०२२ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून हे दोन्ही कंट्रोलर मूळ पॅकेजमध्येच आले, त्यामुळे छोट्या कारखान्यांची मोठीच सोय झाली.

मग फिल्टर. प्रत्येक यूएसबी उपकरण स्वतःची ओळख दोन क्रमांकांनी सांगतं : एक बनवणाऱ्याचा, दुसरा उत्पादनाचा. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की चार-चार अक्षरांच्या या जोड्या समोर येतात. 'ही जोडी दिसली की उपकरण थेट आत दे' असं व्हीएमला सांगून ठेवायचं, तो फिल्टर. स्पेक्ट्रोफोटोमीटरची वायर लावली, दिसलेली जोडी फिल्टरमध्ये भरली, एक्सपी सुरू केली. आत 'नवीन हार्डवेअर सापडलं' अशी सूचना आली, सीडीवरचा ड्रायव्हर बसला आणि क्षणात उपकरण गायब झालं. वायर काढून लावली, पुन्हा तेच. "लूज कनेक्शन असणार," मामा म्हणाले. विभागप्रमुख मॅडमना केबल बदलावी असं वाटत होतं. केबल बदलली, फरक पडला नाही.

पाणी कुठे मुरतंय हे अशा वेळी होस्टच्या नोंदीत दिसतं. दुसऱ्या खिडकीत कर्नलच्या नोंदी चालू ठेवून मी वायर पुन्हा लावली. पहिली ओळ आली : नवं उपकरण, जोडी ०४बी४:८६१३. थोड्याच वेळात दुसरी ओळ : उपकरण निघून गेलं. लगेच तिसरी : नवं उपकरण, पुढचा क्रमांक, आणि जोडी पूर्ण वेगळी. तिथे सगळा उलगडा झाला. ०४बी४:८६१३ ही जोडी त्या यंत्राची नव्हेच. ती आहे सायप्रस कंपनीच्या एका यूएसबी चिपची, चिप कोरी असतानाची. अनेक मोजमाप यंत्रांत ही चिप असते आणि तिच्यात कायमची आज्ञावली नसते. वायर लावली की संगणकावरचा ड्रायव्हर तिच्यात आज्ञावली ओततो. ती मिळाली की चिप स्वतःहून तुटते आणि यंत्राची खरी ओळख घेऊन पुन्हा जोडली जाते. माझा फिल्टर फक्त कोऱ्या चिपला ओळखत होता. नवी ओळख घेऊन परतलेलं यंत्र होस्टने आपल्याकडे ठेवून घेतलं आणि आतला ड्रायव्हर वाट पाहत राहिला. ना केबल लूज होती, ना यंत्र बिघडलं होतं. दुसऱ्या जोडीचा दुसरा फिल्टर टाकला, व्हीएम पुन्हा सुरू केली. एक्सपीने एकामागोमाग दोनदा हार्डवेअर ओळखलं आणि यंत्राच्या आत मोटर फिरल्याचा आवाज आला.

तरीही मॅडमनी लगेच मान डोलावली नाही आणि ते योग्यच होतं. जोडलं गेलं म्हणजे मोजमाप बरोबर आलं असं होत नाही. त्यांनी होल्मियम परक्लोरेटचं द्रावण लावलं. या द्रावणाची शिखरं ठरलेल्या जागी येतात : २४१.१५, २८७.१५, ३६१.५ आणि ५३६.३ नॅनोमीटर. औषधनिर्माणशास्त्रातल्या मानकांप्रमाणे ४०० नॅनोमीटरच्या खाली १ आणि त्याच्या वर ३ नॅनोमीटरपर्यंतचा फरक चालतो. आलेख हळूहळू पडद्यावर उमटत गेला आणि चारही शिखरं मर्यादेत बसली. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. व्हीएममध्ये मोजमापाचं यंत्र जोडणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते : ज्ञात नमुना लावून आकडा पडताळल्याशिवाय काम झालं असं म्हणू नका.

प्रयोगशाळेत यंत्र बाहेरच्या संगणकाकडे राहून जात होतं. कुपवाडच्या एका कारखान्यात ते तिसऱ्याच कोणीतरी धरलेलं निघालं. तिथे हायड्रॉलिक प्रेसवर जुना पीएलसी, म्हणजे प्रेसचं नियंत्रण करणारा छोटा संगणक, आहे. त्याचा लॅडर प्रोग्राम बदलायचा तर यूएसबी-टू-सीरियल केबल लागते. केबलमध्ये सीएच ३४० ही सर्वत्र मिळणारी स्वस्त चिप होती, जोडी १ए८६:७५२३. व्हर्च्युअलबॉक्स दर वेळी सांगे की उपकरण आधीच्या विनंतीत गुंतलेलं आहे, नंतर प्रयत्न करा. पाळीचं काम खोळंबलेलं, मालक दादा येरझाऱ्या घालत होते. होस्टच्या नोंदी पाहिल्या तर उबंटू २२.०४ मधला 'बीआरएलटीटीवाय' हा प्रोग्राम केबल लावताक्षणी तिला धरत होता. हा प्रोग्राम मोठ्या मोलाचा आहे. अंध व्यक्तींचे ब्रेल डिस्प्ले तो संगणकाला जोडतो. काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच चिप असल्याने त्याला आमची केबलही ब्रेल डिस्प्ले वाटत होती. त्या संगणकावर ब्रेल वापरणारं कोणी आहे का, हे मी आधी विचारून घेतलं. कोणी नव्हतं, तरी प्रोग्राम न काढता नियमांच्या फाइलीतली त्या जोडीची तेवढी एक ओळ बंद केली. उद्या तिथे कोणाला ब्रेलची गरज पडली तर दार उघडं राहावं. केबल सुटली आणि एक्सपीत पोचली.

कारखान्यांतल्या जुन्या सॉफ्टवेअरची आणखी एक खोड आहे. कित्येकांना कॉम १ ते कॉम ४ याच्या पलीकडचं पोर्ट दिसत नाही आणि एक्सपी केबलला कॉम ७ देऊन बसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो क्रमांक बदलावा लागतो. एफटीडीआय चिपच्या केबलला 'लेटन्सी टायमर' असतो, त्याचं मूळ मूल्य १६ मिलिसेकंद. थोडा डेटा साठला की चिप तेवढा वेळ थांबून मग पुढे पाठवते. प्रत्यक्ष संगणकावर हे खपून जातं. व्हीएममध्ये प्रत्येक निरोपाला एक टप्पा जास्त पडतो आणि पीएलसीचं सॉफ्टवेअर 'उत्तर आलं नाही' म्हणून संबंध तोडतं. तो आकडा खाली आणला की बहुतेक वेळा संवाद सुरळीत होतो.

सीएंच्या कार्यालयात ताब्याचा प्रश्न कायद्याचाही होतो. सप्टेंबर सरत आला की कर-लेखापरीक्षण अहवालांची घाई असते आणि प्रत्येक अहवालाला डिजिटल स्वाक्षरी लागते. स्वाक्षरीची खाजगी किल्ली यूएसबी टोकनच्या चिपमध्ये असते आणि तिथून ती बाहेर काढता येत नाही, हेच टोकनचं सामर्थ्य. जुनं सॉफ्टवेअर व्हीएममध्ये आणि टोकन होस्टच्या पोर्टात, अशी जोडणी मी पुष्कळ ठिकाणी करून देते. तिथे बहुधा लिनक्सची स्मार्टकार्ड सेवा 'पीसीएससीडी' टोकन धरून बसलेली असते. ती थांबवली की टोकन आत जातं. भागीदारांची टोकनं एकाच बनावटीची असली तर त्यांची जोडी तंतोतंत सारखी असते. मग फिल्टरमध्ये पोर्ट नमूद करावं लागतं, म्हणजे कोणाच्या कामावर कोणाची सही जाते याचा घोळ होत नाही.

एका कार्यालयातून मागणी आली : टोकन एका संगणकाला लावून ठेवू, नेटवर्कवरून सगळ्यांना वापरू द्या. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं. यूएसबी-आयपी नावाची सोय २०१४ पासून लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच आहे. तरी मी नाही म्हटलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार खाजगी किल्ली आपल्या नियंत्रणात राहील याची काळजी घेणं हे प्रमाणपत्रधारकाचं कर्तव्य आहे. टोकन दिवसभर खोचलेलं आणि पिन सगळ्या टेबलांना ठाऊक, तर सही कोणाची उरली? सीए साहेबांनी ते शांतपणे ऐकलं आणि टोकन खिशात ठेवायला सुरुवात केली. जोडून देणं हे माझं काम आहे, तसं कुठे जोडू नये हे सांगणंही माझंच काम आहे, असं मी मानते.

काही उपकरणं या वाटेने नीट चालत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. कॅमेरा आणि ध्वनीची उपकरणं ठरावीक वेळेला ठरावीक डेटा पाठवतात आणि हुकलेला डेटा पुन्हा पाठवत नाहीत. व्हीएममध्ये त्यांचं चित्र तुटतं, आवाज फाटतो. सूक्ष्मदर्शकावर बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी एके ठिकाणी मी केव्हीएम ही लिनक्समधलीच व्हीएमची सोय वापरून अख्खा यूएसबी कंट्रोलरच आतल्या संगणकाला देऊन टाकला. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांनाही आयओएमएमयूची सोय असावी लागते. कीबोर्ड आणि माउस त्याच कंट्रोलरवर असतील तर तेही आत निघून जातात, म्हणून वेगळं यूएसबी कार्ड टाकावं लागतं. थोडा खर्च येतो, पण मध्यस्थ संपतो आणि चित्र स्थिर राहतं. डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या यूएसबी किल्लीवर, चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवानाही आधी वाचावा. काही कंपन्या व्हीएममधल्या वापराला मनाई करतात आणि तिथे त्यांची लेखी परवानगी घेणं हाच सरळ मार्ग.

एक्सपी पुन्हा उभी करताना एक जबाबदारी येते. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं कधीच थांबलं आहे. म्हणून आतल्या संगणकाचं नेटवर्क कार्ड मी बंदच ठेवते. निकालाच्या फाइली सामायिक फोल्डरमधून होस्टवर येतात, पेनड्राइव्ह आत जात नाही. या बंधनातून एक लाभही होतो : आतला संगणक वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. ड्रायव्हर बसून पडताळणी झाली, की व्हीएम नीट बंद करून तिच्या फाइलची प्रत काढायची आणि ती दोन जागी ठेवायची. पूर्वी मदरबोर्ड जळला की यंत्र मरायचं. आता होस्ट जळला तर नवा आणायचा, फाइल ठेवायची, वायर लावायची.

एवढं करूनही ज्ञान माझ्याच डोक्यात राहिलं तर उपयोग नाही. म्हणून काम संपताना मी मराठीत एक कागद लिहिते आणि यंत्राशेजारी चिकटवते : ओळखीच्या जोड्या कोणत्या, वायर कोणत्या पोर्टात, आधी यंत्र चालू करायचं की व्हीएम, प्रत कुठे ठेवली आहे, पडताळणीला कोणता नमुना लावायचा. रसायनशास्त्र विभागातला तो कागद आता मामा स्वतः नव्या मुलांना वाचून दाखवतात. यंत्र दिसेनासं झालं तर ते आधी कर्नलच्या नोंदी उघडतात. ती खिडकी कशी उघडायची हे त्यांनी माझ्याकडून आग्रहाने शिकून घेतलं.

यंत्रखरेदी करणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. कोटेशन मागवताना वेग आणि अचूकता विचारता, तसंच ड्रायव्हरची मूळ फाइल मिळणार का, यंत्र कोणत्या भाषेत बोलतं त्याची कागदपत्रं मिळणार का, आणि सॉफ्टवेअर व्हीएममध्ये वापरायला परवानगी आहे का, हेही लेखी विचारा. ही उत्तरं खरेदीच्या दिवशी मिळतात, दहा वर्षांनी मिळत नाहीत. आणि एखादं चालतं यंत्र 'सपोर्ट संपला' म्हणून निर्लेखनाच्या यादीत घालण्याआधी, जाणत्या माणसाला बोलावून ते कोणाच्या ताब्यात अडकलंय एवढं तरी पाहून घ्या. आपल्या महाविद्यालयांत ही यंत्रं अनुदानातून, म्हणजे लोकांच्या पैशातून आलेली आहेत. त्यांचं आयुष्य वाढवणं अवघड नाही. त्याला नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने नगण्य खर्च येतो आणि थोडी चिकाटी लागते. ती चिकाटी दाखवणारी माणसं प्रत्येक तालुक्यात तयार व्हावीत, असं मला मनापासून वाटतं. शिकायला येणाऱ्या कोणालाही हे सगळं दाखवायला मी तयार आहे.